धडा कुठे सुरू होतो? अंबाजोगाईची पासोडी, बीडची पोथी आणि आपलं पान

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचायला पाठवलं. विषय मध्ययुगीन मराठी हस्तलिखितांचा. मजकूर चांगला होता, पण तिचा प्रश्न मजकुराबद्दल नव्हताच. तिने विचारलं होतं, ‘प्रकरण नव्या पानावर सुरू करू की आधीच्याच पानावर पुढे चालवू? आणि ओव्या उद्धृत करताना पोथीत आहेत तशा सलग ठेवू, की एकाखाली एक?’

मी सवयीने लिहून टाकलं, ‘विद्यापीठाचे नियम बघ.’ पाठवल्यावर मात्र वाटलं, हे उत्तर अर्धंच आहे. प्रकरण कुठे सुरू होतं, समास किती सोडायचा, ओळ कुठे तोडायची, हे आज आपल्याला सजावटीचे प्रश्न वाटतात. जुन्या मराठी ग्रंथांवर काम करणाऱ्यासाठी ते पुराव्याचे प्रश्न आहेत. तुम्ही एम.ए. संपवून संशोधनाकडे वळणार असाल, तर ही गोष्ट लवकर लक्षात आलेली बरी. मला ती उशिरा कळली, त्याबद्दल पुढे सांगते.

उदाहरणांसाठी लांब जायची गरज नाही. बीड जिल्हा पुरेसा आहे. इथे अंबाजोगाईत एक असा ग्रंथ आहे की ज्याला पानंच नाहीत. आणि बीडमधून एक अशी पोथी मिळाली होती की जिचा मजकूर आपल्याकडे आहे, पण पानं नाहीत. या दोन्हींच्या मध्ये पुस्तकाच्या पानाचा सगळा इतिहास बसतो.

आधी पोथीचं पान समजून घ्या

छापील पुस्तक उभं असतं, पोथी आडवी. पानं सुटी असतात, शिवलेली नसतात. खाली-वर लाकडी फळ्या किंवा पुठ्ठे, आणि भोवती कापडाचं बासन. पहिल्या पानाची वरची बाजू बहुतेक वेळा कोरी किंवा फक्त ग्रंथाचं नाव लिहिलेली असते. हाताळताना तीच बाजू सगळ्यात जास्त मळते, म्हणून मजकूर तिथे लिहीत नाहीत. खरी सुरुवात मागच्या बाजूला, गणेशवंदनाने होते. पानाचा क्रमांकही साधारणपणे मागच्या बाजूवरच असतो. डाव्या समासात वरती ग्रंथाच्या नावाचं संक्षिप्त रूप आणि अंक, उजव्या समासात खाली पुन्हा अंक. आजच्या पुस्तकात पानाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव छापतात ना, तेच काम हे संक्षिप्त रूप करतं. वाऱ्याने पानं उडाली, दोन पोथ्या एकमेकींत मिसळल्या, तर वेगळं करायला हाच आधार.

आत मजकूर सलग. दोन शब्दांमध्ये जागा नाही. ओवी संपली की दोन दंड, अंक, पुन्हा दोन दंड आणि लगेच पुढची ओवी त्याच ओळीत. अंकांवर किंवा दंडांवर गेरू फिरवलेला असतो, म्हणजे डोळ्याला थांबा सापडतो. चूक झाली तर तिच्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन वर पुन्हा लिहायचं. आपण आजही ‘मेहनतीवर हरताळ फासला’ म्हणतो, तो वाक्प्रचार इथला आहे. शब्द गाळला असेल तर जागेवर काकपदाची खूण करून तो समासात लिहायचा.

मग अध्याय कुठे सुरू होतो? इथे नवीन माणूस गोंधळतो. अध्याय संपल्याचं पुष्पिकेवरून कळतं. ‘इति’ने सुरू होणारं समाप्तीचं वाक्य, त्यात ग्रंथाचं नाव, अध्यायाचा क्रमांक. पुष्कळदा शेवटी ‘छ’सारखं दिसणारं एक चिन्ह. ते अक्षर म्हणून वाचू नका, ती समाप्तीची खूण आहे. पुढचा अध्याय कधी त्याच ओळीत सुरू होतो, कधी नव्या पानावर. म्हणजे पोथीत अध्यायाचा दरवाजा शेवटाकडे असतो. आपण आज प्रकरणाच्या डोक्यावर मोठ्या टायपात नाव देतो. पोथी मात्र अध्याय संपल्यावर सांगते, ‘तुम्ही आता अमुक वाचलंत.’

अजून एक गोष्ट बघा. पुष्कळ पोथ्यांत प्रत्येक अध्यायाचे पानक्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. कारण साधं आहे. पारायणासाठी, नकलेसाठी एकेक अध्याय वेगळा काढता यायचा. पण त्याचा परिणाम काय? एकाच बासनातले अध्याय वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलेले असू शकतात. शेवटच्या अध्यायाच्या अखेरीस नकलेचा शक मिळाला, म्हणून अख्खी पोथी त्या शकातली, असं धरून चालता येत नाही. पानांचे अंक कसे चालतात हे आधी बघायचं, मग काळाबद्दल बोलायचं.

पासोडी: पान नसलेला ग्रंथ

आता अंबाजोगाईला चला. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे गाव दोन नावांनी माहीत असतं. एक मुकुंदराज, ज्यांची समाधी इथे दाखवतात, आणि दुसरे दासोपंत.

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. ते एकनाथांचे समकालीन. त्यांनी लिहिलं किती, याच्या दंतकथाच झाल्या. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, असं सांगतात. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजार ओव्यांची आहे, यावरून अंदाज करा. पोथीच्या एका पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून २५ ओव्या बसतात असं धरलं, तर सव्वा लाखाला पाच हजार पानं लागतील. हा नुसता हिशोब आहे, पुरावा नाही. पण कागद, शाई, बासन, ठेवायची जागा हे सगळं ग्रंथाच्या आकाराला कसं बांधलेलं होतं, हे अशा हिशोबाने चटकन कळतं.

याच दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय कागदावर न लिहिता कापडावर लिहिला. तीच ‘पासोडी’. पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचं जाड, रुंद कापड. दासोपंतांची ही पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. अंबाजोगाईत ती जपून ठेवलेली आहे.

कापडच का? याचं उत्तर शोधायचं तर आधी विषय काय आहे ते बघावं लागतं. पंचीकरण हा वेदान्तातला सृष्टीच्या घडणीचा विचार आहे. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूतं. प्रत्येकाचे दोन समान भाग करायचे. एक अर्धा भाग त्याच्याकडेच ठेवायचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करायचे आणि ते बाकीच्या चौघांना एकेक वाटायचे. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात अर्धा हिस्सा स्वतःचा, आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. चार अष्टमांश म्हणजे अर्धा. हिशोब पुरा झाला.

हे वाचताना तुमच्या डोळ्यासमोर काय आलं? माझ्यासमोर तक्ता आला. पाच आडव्या ओळी, पाच उभे रकाने, पंचवीस घरं. मराठी संतपरंपरेत शरीराची पंचवीस तत्त्वं अशीच मांडतात. पृथ्वीच्या वाट्याला अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम. आकाशाच्या वाट्याला काम, क्रोध, शोक, मोह, भय. असं प्रत्येकाचं पंचक. समर्थांच्या ‘दासबोधा’तही ही मांडणी येते. ओवीतून सांगायला गेलं की एकामागून एक यादी ऐकावी लागते, आणि विसाव्या तत्त्वाला पोचेपर्यंत पाचवं विसरतं. तक्त्यात ते एका नजरेत दिसतं.

पोथीचं आडवं, अरुंद पान या कामाला तोकडं पडतं. आठ-दहा ओळींच्या पानावर पंचवीस घरांचा तक्ता आणि त्याचं स्पष्टीकरण कसं मावणार? पान उलटलं की तक्ता तुटला. कापड मोठं असतं, पसरता येतं, भिंतीवर टांगता येतं, चार माणसांना एकदम दाखवता येतं. म्हणून दासोपंतांनी कापड घेतलं असावं.

थांबा. वरच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मी ‘असावं’ लिहिलं आहे. पासोडी कापडाची आहे, तिची लांबी-रुंदी एवढी आहे, विषय पंचीकरणाचा आहे, या झाल्या गोष्टी. शाईची कथा ही परंपरा. आणि तक्त्यासाठी कापड घेतलं, हे माझं अनुमान. तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात येऊ शकतात, पण वाचकाला कोणती कुठली हे कळलं पाहिजे. नवख्या प्रबंधांत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

पासोडी आपल्या आजच्या प्रश्नालाही उत्तर देते. पान ही वस्तू निसर्गातून आलेली नाही. ती कोणीतरी निवडलेली आहे. मजकुराला जे हवं आहे त्यासाठी प्रसंगी पानच सोडून देता येतं, हे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या एका माणसाने दाखवून दिलं. आणि अशी चीज छापायची वेळ येते तेव्हा ४० फुटांचे तुकडे करावेच लागतात. छापलेलं ‘पंचीकरण’ वाचून पासोडीबद्दल बोलणं म्हणजे नकाशा न बघता फक्त गावांची यादी वाचण्यासारखं आहे.

पाटांगणची पोथी: पान हरवलेला ग्रंथ

दुसरं उदाहरण बीडचं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली. एकनाथांनी १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीचं शुद्धीकरण केलं. आपल्याला मिळालेली प्रत त्याच्याही आधीच्या परंपरेतली आहे, असा राजवाड्यांचा दावा होता. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या आधाराने ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. मराठी भाषेच्या अभ्यासात हे काम मोठं आहे, त्यावर वादही भरपूर झाले.

मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाही. उरली ती छापील संहिता.

आता आपण वर पोथीच्या पानाबद्दल जे जे पाहिलं, ते या पोथीला लावून बघा. पानांचे अंक अध्यायवार होते की सलग? सगळे अध्याय एकाच हाताचे होते का? हरताळ कुठे लावला होता? समासात नंतर कोणी शब्द भरले होते का? पुष्पिका मुख्य मजकुराच्याच शाईत होत्या की वेगळ्या? प्रत किती जुनी, हा वाद यातल्या प्रत्येक प्रश्नावर येऊन अडतो, आणि यातला एकही प्रश्न छापील संहितेला विचारता येत नाही. छापखान्यात जाताना मजकूर गेला, पान मागे राहिलं. आणि मागे राहिलेलं हरवलं.

यात राजवाड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी गावोगाव फिरून, पदरमोड करून कागद गोळा करणारा माणूस होता तो. त्यांनी छापली नसती तर मजकूरही गेला असता. पण आपण शिकायचं ते हे, की संहिता आणि पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही जपाव्या लागतात.

हाच मुद्दा अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनाही लागू पडतो. ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ मध्ये लिहिला, असं आपण शाळेपासून वाचतो. हा शक येतो तो ग्रंथाच्या अखेरीस येणाऱ्या ओवीतून. ग्रंथाचा शेवट ही पोथीतली सगळ्यात नाजूक जागा. नकलकार तिथेच आपलं नाव, गाव, शक, आशीर्वाद, पाण्यापासून-तेलापासून पोथी जपण्याची विनवणी, सगळं लिहितो. कवीचं बोलणं कुठे संपलं आणि नकलकाराचं कुठे सुरू झालं, हे पानावर शाई, अक्षर, अंक बघून ठरवायचं असतं. छापील पुस्तकात सगळं एकाच टायपात येतं, आणि दोघांचा आवाज एक होऊन जातो.

मधल्या काळात छापखान्याने काय केलं

पोथी ते पुस्तक हा बदल एका रात्रीत झाला नाही. १८०५ मध्ये मिरजेत भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. त्याच वर्षी तिकडे श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांची ज्ञानेश्वरी निघाली, तीही शिळाछापच.

शिळाछाप नीट समजून घ्या, कारण संशोधनात त्या प्रती सारख्या भेटतात. यात खिळे जुळवत नाहीत. लेखक तेलकट शाईने हाताने लिहितो, ते दगडावर उतरवतात आणि दगडावरून छापतात. म्हणजे लिहिणारा हात पोथी लिहिणाराच राहिला, त्याच्यासोबत आडवं पान, दंड, पुष्पिका, समासातलं संक्षिप्त नावही टिकू शकलं. लांबून पाहिलं तर हस्तलिखितच वाटावं असं. फरक ओळखायचा तर दाब, शाईचा एकसारखेपणा आणि मुख्य म्हणजे दुसरी हुबेहूब प्रत शोधायची.

खिळ्यांची छपाई आली आणि हिशोब बदलला. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या देवनागरी वळणाने पुढची कित्येक दशकं मराठी आणि संस्कृत पुस्तकांना चेहरा दिला. उभं, शिवलेलं पुस्तक रूढ झालं. मुखपृष्ठ आलं, अनुक्रमणिका आली. एकदा पानक्रमांक सलग झाले की ‘पान ११२ बघा’ असं सांगता येऊ लागलं. अध्यायाचं नाव शेवटाकडून डोक्यावर आलं. ओव्या एकाखाली एक लागल्या.

आणि शब्दांमध्ये जागा आली. ही सगळ्यात मोठी उलथापालथ. मी एक बनवलेलं उदाहरण देते. पोथीत ‘मनमोहनधरी’ असं सलग लिहिलं आहे समजा. ‘मन मोह न धरी’ वाचलं तर मनाला मोह होत नाही. ‘मनमोहन धरी’ वाचलं तर कृष्णाने काहीतरी धरलं आहे. पोथी दोन्ही शक्यता उघड्या ठेवते. छापताना एक दार बंद करावंच लागतं. ते बंद करणारा संपादक असतो, कवी नव्हे. छापील ओवीतल्या मोकळ्या जागेलाही एक लेखक असतो, हे कायम लक्षात ठेवा.

माझी चूक

पहिल्या वर्षी मी एका खासगी संग्रहात पोथ्यांचे फोटो काढायला गेले. वेळ कमी, मोबाइलची मेमरी कमी. मी काय केलं, फोटो फक्त मजकुराच्या चौकटीपुरते काढले. समास कापले. घरी येऊन वाचायला बसले आणि पानांचा क्रम लागेना. अंक समासात होते! पुष्पिकेच्या बाजूला समासात बारीक अक्षरात काहीतरी होतं, त्याचं अर्धं अक्षर फोटोत आलेलं. पुन्हा परवानगी, पुन्हा प्रवास, त्यात चार महिने गेले. गाईड काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘आता समास मोजून आण.’ मी खरंच पट्टी घेऊन गेले. मोजल्यावर दिसलं, मधल्या एका अध्यायापासून समासाची रुंदी आणि ओळींची संख्या दोन्ही बदलतात. लिहिणारा हात तिथे बदलला होता. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं उपप्रकरण त्या पट्टीतून निघालं.

मग आपलं पान कसं लावायचं?

पोथी बघायला जाल तेव्हा हे करा. प्रत्येक पानाचा फोटो चारही कडांसकट, शेजारी मोजपट्टी ठेवून. कोरी पानं, फळ्या, बासन यांचेही फोटो. वहीत पानाचं माप, ओळी, समास, अंकांची पद्धत, शाईचे रंग आणि प्रत्येक अध्यायाची सुरुवात-अखेर वेगळी नोंदवा. मजकूर वाचायला त्यानंतर घ्या.

संहिता छापाल किंवा प्रबंधात उद्धृत कराल, तेव्हा निदान एका पानाची हुबेहूब नक्कल द्या. ओळ तिथेच तोडा, शब्द जोडलेलेच ठेवा, मूळ पान कुठे बदलतं त्याची खूण करा. मग वाचनासाठी पदच्छेद केलेली संहिता वेगळी द्या, आणि पदच्छेद तुमचा आहे हे स्पष्ट लिहा. पुष्पिका मुख्य मजकुरात मिसळू नका, थोड्या आत सरकवून किंवा वेगळ्या आकारात लावा.

स्वतःच्या प्रकरणांचं म्हणाल, तर नवं प्रकरण नव्या पानावर सुरू करा, डोक्यावर जागा सोडा, त्या पानावर वरचं चालू शीर्षक गाळा. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात. म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर जसंच्या तसं घेऊ नका, थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. उद्धृत ओव्यांसाठी शैली एकदाच ठरवा आणि संगणकात तिला नाव देऊन ठेवा, म्हणजे तीनशे पानांत ती एकसारखी राहते.

आणि तक्ता हवा असेल तर तक्ताच करा. पंचवीस गोष्टी परिच्छेदात कोंबू नका. दासोपंतांनी त्यासाठी ४० फूट कापड वापरलं, आपल्याला एक आडवं पान जोडायला काय हरकत आहे?

मैत्रिणीला मी शेवटी दुसरं पत्र लिहिलं. प्रकरण नव्या पानावर, विद्यापीठाच्या नियमाने. ओव्या दोन्ही प्रकारे, आधी पोथीतल्यासारख्या सलग, मग तोडून. तिचं उत्तर आलं, ‘पानं वाढतील ना गं.’ वाढू देत म्हटलं. उद्या ती पोथी राहिली नाही, तर तिचं पान कसं होतं हे तुझ्या प्रबंधातूनच कळणार आहे.